एआयची चित्रं आणि "फक्त थोडं साफ करून द्या"

रेघोटी

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं करते. हल्ली काम येतं तेच चित्रासकट. पूर्वी मजकूर यायचा, सोबत फार तर दोन ओळी. आता मजकुराच्या आधी एक चकचकीत चित्र येऊन पडतं आणि खाली लिहिलेलं असतं, "एआयवर केलंय. जवळपास झालंच आहे, फक्त थोडं साफ करून द्या."

अशातलंच एक. म्हातारी बाई खिडकीशी बसली आहे, संध्याकाळचं ऊन, अंगावर शाल. लांबून पाहिलं तर छानच. मोठं करून पाहिलं की एकेक गंमत कळायला लागते. खुर्चीचा हात शालीत शिरतो आणि पलीकडून बाहेर येताना खिडकीची चौकट झालेला असतो. ऊन डावीकडून येतंय आणि नाकाची सावलीही डावीकडेच पडली आहे. चष्म्याची काडी कानापर्यंत पोचतच नाही, केसांत कुठेतरी विरून जाते. (बोटं पाच होती. तो विनोद आता जुना झाला.) यातलं काय साफ करायचं? सावली बदलायची तर चेहरा नव्याने काढावा लागतो, चेहरा बदलला की शालीच्या चुण्या जुळत नाहीत. शेवटी सगळंच चित्र मी काढते आणि बिल मात्र साफसफाईचं लागतं.

पण पैशांचं रडगाणं गायला धागा काढलेला नाही. मजकूर वाचला तेव्हा खरी गोम कळली. त्या कथेतली आजी घराच्या खिडक्या उघडूच देत नाही. का देत नाही, यावरच कथा उभी आहे. लेखकाने यंत्राला बहुधा "म्हातारी, एकटी, उदास" एवढंच सांगितलं असणार, आणि यंत्राने खिडकी दिली. एकट्या म्हाताऱ्या चित्रांत खिडकीशीच बसतात ना! लेखकाला ते चित्र इतकं आवडलं की आपल्याच कथेतली बंद खिडकी त्याच्या ध्यानात राहिली नाही.

मला छळणारा प्रश्न हा आहे. चित्रात शेकडो गोष्टी ठरवाव्या लागतात: बाई कुठे बघते, हात कुठे आहेत, ऊन किती, भिंत रिकामी की भरलेली. त्या म्हातारीच्या चित्रात हे सगळं 'ठरलेलं' दिसतं, पण ठरवलं कुणीच नाही. असं चित्र वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण त्याचा जाब कुणाला विचारायचा? आणि ज्यांच्या चित्रांवरून यंत्र शिकलं, त्यांना विचारायची तसदी कुणी घेतली होती का?

काळापांढरा

धागा आवडला, पण सूर ओळखीचा वाटला. १८५९ साली फ्रेंच कवी बोदलेअरने फोटोग्राफीला कलेची हाडवैरीण म्हटलं होतं. चित्र काढता न येणाऱ्यांचा हा आसरा आहे, असंही त्याचं म्हणणं होतं. पुढे काय झालं ते आपण जाणतोच.

तुमच्या 'ठरवलं कुणी' या प्रश्नाला तर कोर्टाचं उत्तरही आहे. ऑस्कर वाइल्डचा एक फोटो नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने काढला होता. एका छापखान्याने त्याच्या ८५,००० प्रती परस्पर छापल्या. छापखान्याचा बचाव असा, की कॅमेरा समोरचं यांत्रिकपणे टिपतो, त्यात कर्ता कसला? १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. बसवण्याची ढब, कपडे, पडदा, उजेड-सावली हे सगळं सॅरोनीने मनात योजून मांडलं, म्हणून फोटोचा कर्ता तोच.

उद्या एआय वापरणारा माणूसही इतकंच योजून मांडेल. मग?

कलमकसाई

काळापांढरा, तुम्ही दिलेला निकाल तुमच्याच विरोधात जातो! सॅरोनीला हक्क मिळाला तो मांडणीमुळे. नुसतं "वाइल्डचा छानसा फोटो हवा" म्हणणाऱ्याला तो मिळाला नसता.

२०२२ मध्ये कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत जेसन ॲलनने मिडजर्नी या एआय-यंत्रावर केलेल्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं, ते गाजलेलं प्रकरण आठवत असेल. किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट (यंत्राला लिहून द्यायची सूचना) बदलत गेलो, असं त्याचं म्हणणं होतं. तरीही अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. त्याआधी फेब्रुवारीत त्यांनी एका चित्रकथेबाबत ठरवलं होतं की मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची, पण सुटी एआय-चित्रं कुणाचीच नाहीत. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही सांगितलं, कर्ता माणूसच हवा.

उलट बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टेबल डिफ्युजन या तशाच यंत्रावर केलेल्या चित्राचा हक्क ते करणाऱ्याला दिला. प्रॉम्प्ट निवडणं, बदलणं, आकडे फिरवणं यात त्याची बुद्धी लागली, असं म्हणून. ब्रिटनच्या १९८८ च्या आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर संगणकनिर्मित कृतीचा कर्ता कोण याची तरतूदच आहे. आपल्याकडे कृती 'घडवून आणणारी' व्यक्ती. आता घडवून कोण आणतं, बटण दाबणारा की यंत्र बनवणारा, यावर वकिलांची पोटं भरणार आहेत. (मी तक्रार करत नाहीये.)

शून्यएक

मी कोडवाला, कलेतलं कळत नाही. यंत्र कसं चालतं तेवढं सांगतो, कारण या वादात दोन्ही बाजू त्याबद्दल वाट्टेल ते बोलतात.

चित्राला थोडी थोडी मुंग्यांसारखी खरखर मिसळत न्यायची, शेवटी नुसती खरखर उरते. मॉडेलला, म्हणजे यंत्राच्या आतल्या शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवायचं की यातली खरखर ओळखून काढ. हे अब्जावधी वेळा झालं की शुद्ध खरखरीपासून सुरुवात करून, सोबतच्या शब्दांच्या आधाराने, ते नवं चित्र 'साफ' करत आणतं. साफ करण्याचं काम मुळात त्याचंच आहे. :)

यात तुकडे कापून चिकटवणं नसतं. स्टेबल डिफ्युजनची सुरुवातीची फाइल ४ जीबीच्या आसपास होती आणि शिकवणीतली चित्रं २०० कोटींच्या घरात. चित्रामागे दोनेक बाइट, त्यात चित्र साठवता येत नाही. पण "काहीच साठवत नाही" हेही खोटं. २०२३ मध्ये संशोधकांनी शिकवणीच्या संचात पुन्हा पुन्हा आलेली साडेतीन लाख चित्रं निवडून त्यांच्या मथळ्यांवर मॉडेल चालवलं, तेव्हा शंभरएक चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर आली. प्रमाण नगण्य, पण ज्याचं चित्र आहे त्याला प्रमाणाशी काय देणंघेणं.

रेघोटी, तुमच्या खिडकीबद्दल. ज्यातून स्टेबल डिफ्युजनची शिकवणी झाली त्या लायन-५बी नावाच्या संचात ५८५ कोटी दुवे आणि मथळे होते. त्यातली 'सुंदर' चित्रं निवडायला वेगळं छोटं मॉडेल वापरलं, आणि शिकवणीच्या पुढच्या टप्प्यांत त्याच्याकडून १० पैकी ५ च्या वर गुण मिळालेल्या चित्रांवर भर दिला. ते मॉडेल सुंदर म्हणजे काय हे कुठून शिकलं? लोकांनी दिलेल्या गुणांवरून. त्यातले बरेचसे फोटोग्राफी स्पर्धांच्या संकेतस्थळावरचे हौशी, बाकीचे सुरुवातीच्या एआय-चित्रांशी खेळणारे. म्हणजे तुम्हाला सगळीकडे तोच सोनेरी उजेड, मधोमध माणूस आणि मागे धूसर दिसतं, ते यंत्राच्या स्वभावामुळे जितकं, तितकंच काही लोकांच्या आवडीमुळे. खिडकी कुणीच ठरवली नाही असं नाही. हजारो लोकांनी थोडी थोडी ठरवली.

रेघोटी

शून्यएक, गुण देणाऱ्यांचं मला माहीत नव्हतं. भयंकर आहे हे. म्हणजे स्पर्धेत बक्षीस मिळवणारा फोटो हा सौंदर्याचा मापदंड, आणि आता ज्याला त्याला प्रत्येक गोष्टीला तोच लेप. पुस्तकातली उदास आजीसुद्धा स्पर्धेला उभी.

बोरू

मी अक्षरं काढतो, त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे. या यंत्रांना देवनागरीत एखादा शब्द लिहायला सांगून पाहा. लांबून मराठी वाटावं असं काहीतरी येतं. शिरोरेघ असते, पण तिच्याखाली लोंबतं ते अक्षर नसतं. वेलांटी एका दांड्यावर सुरू होऊन तिसऱ्यावर उतरते. रफार हवेत. 'त्र' आणि 'ञ' यांचं मिळून एक नवंच पिल्लू. नवी मॉडेलं पुष्कळ सुधारली आहेत हे कबूल, पण तीन व्यंजनांचं जोडाक्षर आलं की अजून त्रेधा उडते.

कारण उघड आहे. बोरू धरणारा माणूस आधी अक्षर वाचतो, मग त्याचा दांडा, गाठ, वळण, कुठे जोर द्यायचा ते हाताला शिकवतो. या यंत्रांनी अक्षराचा फोटो पाहिला, तोही रोमन अक्षरांच्या मानाने फार थोडा. तरी अशी अक्षरं फलकांवर, पत्रिकांवर छापून येऊ लागली आहेत आणि लोकांना चालतात. मला यंत्राचा राग नाही. चालवून घेणाऱ्या डोळ्यांची काळजी वाटते.

वाचनमात्र

बोरूजी +१.

जपानी ॲनिमेशनपट करणाऱ्या मियाझाकींनी एका वाक्यात निकाल लावला आहे: एआयची कला म्हणजे जीवनाचा अपमान. विषय संपला.

तिसरा_डोळा

वाचनमात्र, ते वाक्य एआय-चित्रांबद्दल नाहीच. २०१६ च्या एका माहितीपटातला तो प्रसंग आहे. काही तरुणांनी त्यांना एक विद्रूप, डोक्याचा पायासारखा वापर करत सरपटणारी आकृती दाखवली. तिची हालचाल एआयने शोधलेली होती. मियाझाकींना आपला एक मित्र आठवला, अपंगत्वामुळे साधी टाळी द्यायलाही त्याला कष्ट पडायचे. ही हालचाल करणाऱ्याला वेदना म्हणजे काय याची कल्पना नाही, या अर्थाने त्यांनी ते म्हटलं. हे अधिक खोल आहे, आणि प्रॉम्प्टवाल्या चित्रांना लागू पडेलही. पण २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्या शैलीतल्या फोटोंची लाट आली तेव्हा तेच वाक्य संदर्भ तोडून फिरवलं गेलं. दुसऱ्याचं काम संदर्भ सोडून वापरू नका, हे सांगायलाच संदर्भ सोडून वापरलेलं अवतरण!

आता मूळ धाग्यावर. यंत्र आणि कला यांचं भांडण मला पटत नाही. हॅरॉल्ड कोहेन १९७० च्या दशकापासून आपला 'एरन' हा चित्रं काढणारा प्रोग्रॅम घडवत होते. व्हेरा मोल्नार १९६८ पासून संगणक आणि प्लॉटरवर (संगणकाच्या हुकमाने पेनाने रेषा काढणारं यंत्र) काम करत होत्या, चौकोन मुद्दाम किंचित चळू द्यायच्या. सॉल लविट तर भिंतीवरच्या चित्राची फक्त सूचना लिहायचे, काढायचे दुसरेच. रेघोटी, तुमच्या हिशेबाने लविट कलावंत की प्रॉम्प्टवाला?

रेघोटी

अवघड प्रश्न आणलात. कोहेन आणि मोल्नार यांचं सोपं आहे, नियम त्यांनी स्वतः लिहिले होते. चौकोन किती चळायचा ते मोल्नारबाईंच्या हातात होतं. दुसऱ्यांची शेकडो कोटी चित्रं त्यात ओतलेली नव्हती.

लविटच्या बाबतीत सूचना हीच कृती होती. ती उघड असायची, कुणीही वाचावी, तपासावी, आणि भिंतीवर ती पाळली गेली की नाही तेही दिसायचं. हे मला मान्य आहे. मग प्रॉम्प्टवाल्यांनीही प्रॉम्प्टच मांडावा भिंतीवर! जत्रेत जिंकलेल्या गृहस्थाने तेव्हा आपला प्रॉम्प्ट सांगायला नकार दिला होता. सूचना लपवायची आणि चित्राचं श्रेय घ्यायचं, ही लविटची परंपरा नव्हे.

सरमिसळ

मी ॲनिमेशनमध्ये आहे आणि एआय रोज वापरतो. त्यामुळे इथे दगड खायच्या तयारीने लिहितोय.

रेघोटी, तुम्हीही जुन्या चित्रकारांच्या नकला करकरूनच शिकलात ना? सगळेच शिकतात. यंत्राने केलं की ती चोरी कशी? शैलीवर कुणाचीच मालकी नसते, कायद्यानेही नाही. माझं म्हणाल तर कच्चा आराखडा मी एआयवर करतो. एका प्रसंगाचे वीस कोन झरझर बघतो, एकोणीस फेकतो. आणि आता तर मी माझ्याच जुन्या रेखाटनांवर एक छोटं मॉडेल शिकवून घेतलंय, ते माझ्या रेषेच्या जवळ जातं. यात ठरवणारा मीच आहे.

रेघोटी

दगड कशाला, स्वतःच्या रेखाटनांवर शिकवलेलं मॉडेल असेल तर माझा अर्धा आक्षेप तिथेच गळतो. अर्धाच, कारण त्याच्याखालचं मोठं मॉडेल कुणाच्या चित्रांवर उभं आहे ते तुम्हालाही माहीत आहे.

नकला मीही केल्या, वह्याच्या वह्या. पण माझ्या नकलेमुळे कुठल्या गुरूला त्याचं स्वतःचं नाव शोधताना माझी चित्रं सापडली नाहीत. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं २०२२ मध्ये नेमकं तेच झालं. ड्रॅगन आणि लढायांची त्याची चित्रं लोकांना इतकी आवडली की जो तो प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव टाकू लागला, आणि त्याच्या नावाने शोध घेतला की त्याने न काढलेली चित्रं दिसू लागली. त्याच्या शैलीवर त्याची मालकी नसेलही. पण यंत्राला ती शैली देणारा मथळा म्हणजे त्याचं नाव होतं, आणि ते नाव तर त्याचंच ना? शिकणारं पोर एका वेळी एकच चित्र काढतं, चुकतं, त्यातून हळूहळू स्वतःचं काहीतरी निघतं. इथे एका रात्रीत हजारो निघतात. वेग आणि संख्या बदलली की तीच कृती तीच राहत नाही.

कच्च्या आराखड्याबद्दल मात्र आपलं जमणार नाही. माझा सगळा विचार तिथेच होतो. आजीला खिडकीशी बसवायचं नाही हे मला चार फालतू रेखाटनं केल्यावर, पेन्सिल भिंतीशी अडल्यावर कळलं. तेच काम बाहेर दिलं तर माझ्याकडे रंग भरणं उरतं.

सरमिसळ

तुमचा विचार काढताना होतो, माझा निवडताना. छायाचित्रकार शेकडो फोटोंतून एक उचलतो तेव्हा त्याला कुणी विचार करत नाही असं म्हणत नाही.

चौकट

सरमिसळ यांचा हा मुद्दा मोडून काढणं सोपं नाही. पण डिझाइनमध्ये (मी बोधचिन्हं करते) निवडीची एक अडचण सांगते. समोर वीस पर्याय ठेवले की डोळा त्या विसांतच फिरतो. एकविसावा डोक्यात येतच नाही. आणि ते वीसही ओळखीच्या वाटेवरचेच असतात, कारण मॉडेल 'असं साधारणपणे कसं दिसतं' तेच शिकलेलं असतं. बोधचिन्हाचं कामच मुळी बाकीच्यांसारखं न दिसण्याचं. शिवाय ते अंगठ्याच्या नखाएवढं आणि एकाच रंगात छापूनही ओळखू आलं पाहिजे. यंत्राने दिलेल्या चिन्हांत मला सावल्या, चकाकी, बारीक पानं-फुलं मिळतात. लहान केलं की डाग.

काळापांढरा

फोटोवाल्यांचा दाखला आलाच आहे तर दोन गोष्टी. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेनने सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत एआयवर केलेली प्रतिमा पाठवली, ती एका विभागात जिंकली आणि त्याने बक्षीस नाकारलं. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रेने उलटं केलं: मान पोटाखाली घातल्याने बिनडोक्याचा दिसणारा खराखुरा फ्लेमिंगो टिपला आणि तो फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. बक्षीस मिळालं! नंतर त्याने खरं सांगितल्यावर बादही झाला. परीक्षकांना डोळ्यांनी फरक कळत नाही, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे 'एआयचं सौंदर्य वेगळं असतं, लगेच ओळखू येतं' यावर मी फार विसंबणार नाही. आज ओळखू येणारा सोनेरी लेप उद्या नसेल.

तिसरा_डोळा

+१. म्हणून मला सौंदर्यापेक्षा संमतीचा मुद्दा टिकाऊ वाटतो. चित्र कितीही सुरेख निघालं तरी "विचारलं होतं का?" हा प्रश्न तसाच राहतो.

ज्यांना आपली चित्रं वाचवायची आहेत त्यांच्यासाठी: शिकागो विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये ग्लेझ आणि २०२४ च्या सुरुवातीला नाइटशेड ही साधनं फुकट उपलब्ध केली. पहिलं डोळ्यांना सहसा न जाणवणारे बदल करून शैली चोरणं अवघड करतं. दुसरं शिकवणीतच विष कालवतं, म्हणजे कुत्र्याचं चित्र मॉडेलला मांजर वाटावं असं. त्यांच्यावर तोड काढल्याचे शोधनिबंधही आले आहेत, त्यामुळे कवच म्हणून डोळे मिटून भरवसा ठेवू नका.

कलमकसाई

संमतीवर कोर्टं काय म्हणतात ते अजून धूसर आहे. छायाचित्रं पुरवणाऱ्या गेटी इमेजेसने स्टेबल डिफ्युजनच्या कंपनीवर लंडनमध्ये खटला भरला होता. शिकवणी ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नसल्याने तो मुख्य दावा गेटीला सुनावणीतच सोडावा लागला. नोव्हेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मॉडेलमध्ये चित्रांच्या प्रती साठवलेल्या नाहीत, त्यामुळे मॉडेल ही 'नक्कल' ठरत नाही. मॉडेलच्या जुन्या आवृत्त्यांनी काढलेल्या काही प्रतिमांत गेटीचा जलचिन्हासारखा शिक्का उमटला होता, तेवढ्यापुरतं ट्रेडमार्कचं उल्लंघन मान्य झालं. यंत्राने चित्रकाराचं चित्र घेतलं ते चाललं, त्यावरचा शिक्का घेतला ते चाललं नाही!

वाचनमात्र

मियाझाकींबद्दल धन्यवाद, तिसरा_डोळा. रेघोटी, त्या लेखकाचं पुढे काय झालं?

रेघोटी

त्यांना म्हटलं, चित्र बाजूला ठेवा आणि यंत्राला जे वाक्य लिहिलं होतं ते मला पाठवा. थोडे बिचकले, पण पाठवलं. आधी फक्त 'म्हातारी' होती, मग 'थकलेली', मग 'थकलेली पण ताठ'. तिसऱ्या वाक्यातल्या त्या 'पण ताठ'चा यंत्राने काहीच उपयोग केला नव्हता, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आता मी सगळ्यांकडे वाक्यच मागते. चित्र पाठवलं तर उघडत नाही, कारण एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही.

सरमिसळ, म्हणजे यंत्र वापरून बघायला माझी ना नाही. लेखकाला स्वतःला काय हवंय ते कळायला त्याची मदत झाली, हे खरं.

सरमिसळ

चला, दगड नाही मिळाला. कलमकसाई, एक फुकटचा सल्ला द्या. ग्राहकाने दिलेलं एआय-चित्र मी वापरलं आणि उद्या ते कुणाच्या तरी चित्राशी हुबेहूब जुळलं, तर अडकणार कोण?

कलमकसाई

आधी तुम्ही, मग ग्राहक, आणि यंत्रवाल्यांच्या अटी वाचल्या असतील तर ते बहुधा नाहीत. म्हणून करारात दोन ओळी घालाच. एक, ग्राहकाने दिलेलं कुठलंही एआय-साहित्य केवळ संदर्भासाठी असेल आणि त्याच्या हक्कांची जबाबदारी ग्राहकाची. दोन, अंतिम कामात कुठला भाग यंत्राने केला ते तुम्ही लेखी सांगाल. दुसरी ओळ घालायला बहुतेकांच्या जिवावर येतं. सरमिसळ, तुमच्याही येईल.